जर्मन बाईची सासू

आमच्या घरात एक स्टोव्ह होता आणि तो कधीच पेटला नाही. सुरुवात इथूनच करायला हवी, कारण माझं पुढचं शिक्षण, नोकरी, पेन्शन आणि आत्ता ज्या खुर्चीत बसून मी हे लिहितेय ती खुर्चीसुद्धा, सगळं त्या न पेटलेल्या स्टोव्हामुळे मला मिळालं. पितळी टाकीचा, तीन पायांचा तो स्टोव्ह दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवगावच्या बाजारातून मोठ्या हौसेनं आणला होता. आईनं तो पुसला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि माळ्यावर टाकून दिला. कुणी विचारलं तर म्हणायची, "राकेल मिळत न्हाई." राकेल चांगलं मिळायचं, कंदिलात ते रोज जळायचं. पाहुणे आले तरी चहा चुलीवरच व्हायचा, आईचे डोळे धुरानं लाल, चहाला धुराचा वास, आणि दादा ओट्यावरून खाकरत म्हणायचे, "स्टोव्ह काय देव्हाऱ्यात बसवायला आनलाय का?" आई गप्प राहायची. एरवी कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि जगात बघण्यासारखं जे काही आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली आहे अशी माझी खात्री झालेली होती.

दादांची थोडी कोरडवाहू जमीन होती आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. डिझेलचं इंजिन सकाळी एकदा सुरू झालं की संध्याकाळपर्यंत पुक-पुक चालायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. बाहेरच्यांना वाटे, ह्यांच्यात कायम भांडणं चालतात. आम्ही नुसतं मीठ मागत असू. सगळ्या घरावर पिठाचा पातळ थर असायचा, दादांच्या भुवयांवर तर बारा महिने. दळण घेऊन आलेल्या बायका डबे रांगेत ठेवून ओट्यावर टेकत, आणि पंचक्रोशीतली कुठलीही बातमी तिथे अख्खी येऊन बारीक होऊन परत जाई. संध्याकाळी इंजिन बंद झालं की कान एकदम मोकळे व्हायचे आणि चुलीवर रटरटणाऱ्या हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. आईच्या हातची शेंगोळी, वरून कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. डॉक्टरांनी माझ्या खाण्यातून आता तेल काढलंय, बाजरीही उष्ण म्हणून काढलीय. शेंगोळी काढली नाहीत, कारण त्यांना ती माहीत नाहीत.

मला एम. एस्सी. करायला पुण्याला जायचं होतं. दादांना माझं लग्न करायचं होतं. दादा वाईट नव्हते हे आधीच सांगते, नाहीतर आजकाल वडिलांबद्दल लिहिलं की लोकांना लगेच जुलूम दिसतो. गावातल्या मुली सातवीनंतर चुलीपाशी बसत होत्या तेव्हा त्यांनी मला रोज बसनं शेवगावच्या कॉलेजात पाठवलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की "शिकवली की मी. आता आनखी किती?" परीक्षा झाली की उन्हाळ्यात लग्न, असं घरात ठरूनच गेलं होतं. फक्त नवरा ठरायचा होता.

आम्हाला भ्रूणशास्त्र शिकवायला बोरुडे सर होते. सडपातळ, सफारीतले, बोलताना खडू खिशात टाकायचे आणि मग तो वर्गभर शोधायचे. ह्या माणसाचं प्रेम जगात एकाच बाईवर होतं आणि ती जर्मन होती, भ्रूणशास्त्रज्ञ होती आणि सर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी वारली होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सरांनी ते फळ्यावर तीन वेळा तीन प्रकारे लिहिलं होतं, आणि आमच्या घरात तर ती पहिल्या दिवसापासून 'जर्मन बाई'च झाली. न्यूट नावाचा एक जीव असतो, सरड्यासारखा दिसणारा पण बेडकाच्या कुळातला. त्याचं अंडं मोहरीपेक्षा थोडंसं मोठं. ह्या बाईनं विद्यार्थिनी असताना एका फिकट जातीच्या न्यूटच्या कोवळ्या गर्भातून एक कण उचलला आणि दुसऱ्या, काळपट जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तो कण तिथे मरायला हवा होता, किंवा पोटाचं पोट होऊन गप्प बसायला हवा होता. त्यानं तसं काही केलं नाही. तिथे दुसरी पाठ उगवली, दुसरा कणा, दुसरं डोकं. पोटाला पोट चिकटलेलं जुळंच तयार झालं. आणि नीट पाहिलं तर त्या जुळ्याचं बरंचसं शरीर काळपट पेशींचं, म्हणजे यजमानाच्याच मालाचं होतं. सर सांगत, "बघा, नांदायला गेलेल्या तुकड्यानं सासरच्या लोकांना कामाला लावलं आणि स्वतःच्या मनासारखं घर बांधून घेतलं." मुलगे हसायचे. आम्ही मुली हसायचो नाही, आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो.

हे सगळं सांगताना सरांचा आवाज चढत जाई. प्रबंध तिचा, हात तिचे, शेकडो गर्भांवरची मेहनत तिची, आणि छापताना तिच्या प्राध्यापकानं आधी स्वतःचं नाव घातलं. पुढे जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं तेही त्यालाच, कारण तोवर ती राहिलीच नव्हती. इथे सर चष्मा काढून पुसत. त्याच प्रयोगाचा रंगीत तक्ता मी महिनाभर खपून काढला होता. तो प्रयोगशाळेत लागला, खाली ठळक अक्षरांत 'प्रा. बोरुडे' आणि त्याच्या खाली, वाकून पाहिलं तर दिसेल असं, माझं नाव. सरांच्या हे कधी लक्षात आलं नाही, आणि त्यांच्या लक्षात आणून द्यावं इतकी माझी छाती नव्हती.

आमच्याकडे न्यूट कुठले? आम्ही कोंबडीच्या अंड्यावर भागवायचो. आईची एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन रवणीला, अंडी उबवायला, बसली होती. तिच्या पोटाखालची दोन अंडी आईनं मला काढून दिली आणि तांदळाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून मी ती बसमधून कॉलेजात नेली. अंड्याच्या टरफलाला खिडकी पाडून आत पाहिलं तर पिवळ्यावर एक लाल ठिपका धडधडत होता. अजून ना डोळा, ना चोच, ना पाय, पण काळीज आपलं कामाला लागलेलं. मला रडू आलं. इतकी वर्षं मी मुलांना तो ठिपका दाखवला, आणि दर वर्षी कुणीतरी एखादी डोळे पुसते आणि सर्दी झालीय म्हणते. घरी येऊन मी आईला ते सांगितलं. आई म्हणाली, "आनि मंग त्याचं काय केलं तुमी?" मी विषय बदलला.

दादांना पटवायला मला जर्मन बाई उपयोगी पडेल असं वाटलं. एक साधी शिकणारी मुलगी, लग्न झालेली, तरी जगाला ठाऊक नसलेली गोष्ट तिनं शोधून काढली. एवढं ऐकून कुठल्या बापाचं मन द्रवणार नाही? एका संध्याकाळी इंजिन बंद झाल्यावर, दादा जेवायला बसलेले बघून मी सुरुवात केली. न्यूट सांगितला, कण सांगितला, जुळं सांगितलं. दादा शेंगोळी खात "व्हय का" म्हणत होते. आई भाकरी थापत होती. ते काम करायला तान्ह्या बाळाच्या केसाचा बारीक फास वापरायचे हे सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "जावळ म्हन की." मला बरं वाटलं, विज्ञान घरात शिरतंय असं वाटलं. त्या भरात मी शेवटही सांगून टाकला. प्रबंध छापून यायच्या सुमारास तिला एक छोटं बाळ होतं. त्याचं खाणं गरम करायला म्हणे ती शेगडीत इंधन भरत होती, आणि भडका उडाला. त्यात ती गेली. पंचवीस वर्षांची होती.

आईचा थापता हात थांबला. "सासू कुठं हुती?" तिनं विचारलं.

मी हसले. "अगं, जर्मनीतली गोष्ट आहे. अपघात झाला."

"सासू कुठं हुती ते इचारते मी. आनि नवरा?"

"नवराही शास्त्रज्ञ होता."

"आसंल. घरात हुता का?"

मला माहीत नव्हतं. दादांनी ताटात बघत आईला "जेवू दे गं" म्हटलं. आई पुन्हा भाकरी थापायला लागली, आणि तव्यावर टाकताना तिनं शेवटचं विचारलं, "आनि त्या लेकराला कोनी संबाळलं?" तेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. सर गोंधळले, बराच वेळ खडू शोधला आणि म्हणाले, "शोधनिबंधात त्याचा उल्लेख नाही."

माझ्या एम. एस्सी.चं दादा काहीच बोलले नाहीत, पण गोष्ट गिरणीवर पोचली. आईनं कुणा एकीला सांगितली असणार. चार दिवसांत ती अशी दळून निघाली, की शैलाच्या, म्हणजे माझ्या, कॉलेजात एक गोरी बाई शिकवायला होती, ती स्टोव्हनं गेली. बायका माझ्याकडे हळहळून बघायच्या. एकीनं विचारलं, "पोलीस केस झाली का गं?" बसचा कंडक्टर म्हणाला, "आज कॉलेज चालू हाय का? न्हाई, तुमची म्याडम वारली म्हनं." बोरुडे सर बाजारात दिसले तेव्हा आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून सांत्वन केलं. सरांना ते लागलं. मला वाटतं, त्या बाईबद्दल आयुष्यात त्यांचं सांत्वन करणारा तो एकच माणूस.

परीक्षा संपली आणि स्थळ आलं. नेवाशाकडचं, बागायती, मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांनी येऊन मला पाहिलं, पोहे खाल्ले, मुलानं मला "आवडीचा विषय कोणता?" असं विचारलं आणि मी "भ्रूणशास्त्र" म्हणाल्यावर त्याच्या काकानं खोकून वेळ मारून नेली. चार दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे. मग आपल्याकडच्या रीतीनं आमच्या माणसांनी त्यांचं घर बघायला जायचं ठरलं. ह्या घर बघण्यात काय बघतात हे मला अजून कळलेलं नाही. पुरुष जातात, विहीर बघतात, गोठा बघतात, पानं खातात आणि परत येतात. बायका फार करून जात नाहीत, गेल्या तर माजघरात बसून साड्यांचं बोलतात. ह्या वेळी आई म्हणाली, "मी येनार." दादा म्हणाले, जीपमध्ये जागा नाही. आई चप्पल घालून जीपमध्ये आधीच बसली होती.

मी तिथे नव्हते. पण दादा पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत, सुरुवातीला संतापून आणि शेवटी शेवटी जरा अभिमानानंच, त्यामुळे मला तो स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. विहीर बघून झाली होती. पुरुष मंडळी ओसरीवर टेकली होती, तारखेचं बोलणं निघालं होतं. आई आत गेली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "सैपाकघर दावा." त्या बाईला आनंदच झाला, कारण त्यांच्याकडे नुकताच गॅस आला होता आणि तो कुणालातरी दाखवायचाच होता. आईनं गॅस बघितला. मग ओट्याखाली वाकून बघितलं. तिथे स्टोव्ह होता.

"गॅस हाय, मंग ह्यो कशाला?"

"टाकी संपली की लागतो ना, ताई."

"पेटवून दावा की."

मुलाची आई हसली. "छे बाई, मी न्हाई त्याला हात लावत. मला लई भ्या वाटतं त्याचं. आमची थोरली सून पेटवती." थोरली सून दारातच उभी होती, पदर सावरून, चहाचा ट्रे घेऊन. आईनं तिच्याकडे बघितलं. मग ट्रेमधला कप न घेता ती ओसरीवर आली आणि भरल्या बैठकीत दादांना म्हणाली, "चला." दादांना वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. जीप गावाबाहेर पडल्यावर तिनं सांगितलं, "पोरगी तितं द्यायची न्हाई." दादांनी जीप थांबवायला लावली, उतरले, रस्त्यावर उभं राहून काय काय बोलले. आई आत बसून होती. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "जी वस्तू हातात घ्यायला सासूला भ्या वाटतं, तीच ती सुनंच्या हातात देती. मला आनखी काय बघायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी आईशी भांडले. होय, भांडले, कारण मला लग्न नको असलं तरी ते माझ्या बाजूच्या कारणानं मोडायला हवं होतं, असल्या कारणानं नव्हे. मी म्हटलं, "एक परदेशातली बाई, तिचा खराखुरा अपघात झाला, आणि तू त्यावरून इथल्या चांगल्या माणसांवर संशय घेतेस?" आई जाळ सारत होती. म्हणाली, "सुमनचाबी खराच हुता. पंचनाम्यात तसंच लिवलंय."

सुमन म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. मी तीन-चार वर्षांची असताना ती गेली. स्टोव्हचा भडका उडाला एवढंच मला सांगितलेलं होतं, आणि मी ते एखाद्या गावाचं नाव ऐकावं तसं ऐकून ठेवलं होतं. तिचा तान्हा मुलगा सासरच्यांनी ठेवून घेतला. आई दोनदा बघायला गेली, दोन्ही वेळा तिला दारातून परत पाठवलं. हे सगळं तिनं त्या सकाळी मला एका भाकरीच्या वेळात सांगितलं. मी त्या माळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं आणि मला माझी इतकी लाज वाटली, की आजही स्वयंपाकघरात पितळेचं काही चमकलं की ती परत येते. तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि आम्हाला पुढचं काही ऐकू आलं नाही.

आता ह्यात गंमत कशी ते सांगते. नेवाशाचं ते घर चांगलंच होतं. मुलगा सज्जन निघाला, त्याच्या बायकोला त्यानं कधी चढ्या आवाजात हाक मारली नाही असं मी ऐकते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नात ती थोरली सून मला भेटली. गोल, हसरी, गळ्यात जाड मंगळसूत्र. मला ओळखल्यावर तिनं माझा हात सोडलाच नाही. सासूबद्दल म्हणाली, "तुमच्या आई येऊन गेल्या ना, त्या दिवसापासून आमच्या आत्याबाई स्वतः स्टोव्ह पेटवायला लागल्या. भीत भीत पेटवायच्या, पण मला हात लावू द्यायच्या न्हाईत. लोकं काय म्हनतील म्हनून." आणि पोट धरून हसली.

आमच्याकडे मात्र उलटंच झालं. हिची आई स्टोव्ह पेटवून बघते, अशी कीर्ती पसरली आणि त्या हंगामात दुसरं एकही स्थळ आलं नाही. पावसाळा तोंडावर आला. पोरगी घरात बसलेली, गिरणीवर रोज बायका विचारतात, "जमलं का?" शेवटी दादाच वैतागून म्हणाले, "जा बाई तुझ्या पुन्याला. निदान शिकतीय म्हनून सांगता तरी यील." जर्मन बाईनं केलेल्या थोर प्रयोगाचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता. तिच्या शेगडीनं मात्र मला विद्यापीठात पोचवलं. बसस्टँडवर आईनं मला दशम्या आणि तिळाची चटणी दिली, आणि एकच गोष्ट बजावली, "खोलीवर सैपाक मांडू नको. खानावळ लाव." मी दोन वर्षं खानावळीत जेवले. मग शिकवायला लागले, तीस वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी त्या जुळ्या न्यूटपाशी आले की माझाही आवाज सरांसारखा चढायचा. तक्त्यावर मात्र मुलींची नावं मी वर घालायला लावायचे.

निवृत्त झाल्यावर मोबाईल हातात आला आणि मी एकदा त्या बाईचा अपघात नीट शोधून काढायला बसले. कुणी लिहितं, तो तिच्या स्वतःच्या घरात झाला. कुणी लिहितं, ती सासरी गेलेली असताना झाला. तिच्या सासूवर संशय घ्यायला काही जागा नाही, आणि मी घेतही नाही. पण 'सासू कुठं हुती' ह्या आईच्या प्रश्नावर शास्त्राच्या अभ्यासकांचंही एकमत झालेलं नाही, हे वाचून मला हसू आलं आणि मग ते पुरतं आलं नाही. त्या बाळाचंही सापडलं. मुलगा होता. मोठा झाला, आणि पुढच्या महायुद्धात मारला गेला.

आई आता माझ्याकडेच असते. ऐंशी ओलांडलीय, ऐकायला कमी येतं, म्हणून आमच्या घरात पुन्हा सगळे ओरडून बोलतात. तिला जुनं आठवतं, सकाळचं आठवत नाही. परवा मी इंडक्शनवर चहा ठेवत होते. त्या शेगडीला जाळ नाही हे तिला अजून पटत नाही, ती रोज जवळ येऊन वाकून बघते. बघता बघता म्हणाली, "त्या जर्मन बाईच्या लेकराचं कळलं का गं मंग?"

मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "कळलं. मुलगा होता. मोठा झाला." एवढंच सांगितलं.

तिनं मान हलवली. चहा दिला तो दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसली, फुंकर घालत राहिली. मी कपबशा विसळायला वळले तेव्हा मागून म्हणाली, "मोठा झाला आसंल म्हनूनच मी म्हनत हुते. दारातून एकदा दावला आसता तरी काय बिघडलं आसतं त्यांचं?"